अप्पांची नळी आणि माझी गाडी

४ फेब्रुवारी

लागलं! नाव लागलं माझं! डेपोतून फोन आला. बसचालक म्हणून निवड, ११ मार्चला सकाळी हजर व्हायचं, नाही आलात तर जागा पुढच्या नावाला. फोनवरची बाई इतक्या कोरड्या आवाजात बोलत होती की मी दोनदा विचारलं, "म्हणजे मीच ना?" "हो बाई, तुम्हीच." स्वयंपाकघरात एकटीच उड्या मारल्या. शेगडीवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे मेलं!

मी चालवायचे ती शाळेची बस बंद झाली तेव्हापासून घरात बसले आहे. मोठ्या गाडीचं चाक हातात नाही. परीक्षेला पिंपांच्या मधून उलटी गाडी काढायची होती. बाकीचे बाप्ये मला बघून एकमेकांना कोपरं मारत होते. माझं एकही पिंप हललं नाही, आणि त्या कोपरवाल्यांतल्या दोघांनी चांगलं खणकन पिंप पाडलं.

संध्याकाळी सगळ्यांना सांगणार होते. पण नवरा अप्पांना घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडून आला आणि बापलेकांचे चेहरे बघून मी तोंड मिटलं. सासऱ्यांच्या किडन्या आता काम करेनाशा झाल्या. औषधांनी जेवढं रेटायचं तेवढं रेटलं, यापुढे डायलिसिस. नवरा हे सांगत असताना अप्पा सरळ पुढच्या खोलीत गेले, म्हणजे त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात, आणि मशीनवर बसले. कोणाची तरी पँट अर्धी शिवून पडली होती. पुरी केली, बटणं लावली, मगच जेवायला आले.

५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. "अरे वा!" म्हणाला. खरंच खूश झाला, तोंडावरून कळतं ना. मग लगेच तोंड उतरलं. "पण अप्पांचं कसं...?"

"कसं म्हणजे?"

"बघू."

हे 'बघू' मला पुरतं ठाऊक आहे. स्वतः प्लंबर, गावभर नळ दुरुस्त करत हिंडतो, आणि आमच्या न्हाणीघरातला नळ लग्नापासून ठिबकतोय. बघू!

७ फेब्रुवारी

आज तिघं गेलो डॉक्टरांकडे. दोन रस्ते आहेत. एक, आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं, हातात जाड सुया, सगळं रक्त यंत्रातून फिरवून आणायचं, अर्धा दिवस खुर्चीत. दुसरा, घरी, पोटाचं डायलिसिस. पोटात एक मऊ नळी बसवतात, तिचं एक टोक बाहेर राहतं. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरते, मग ते काढून नवं भरायचं. दिवसातून चारदा. रोज. सुट्टी नाही.

"घरी," अप्पा म्हणाले.

"आजोबा, नीट विचार करा."

"केला. माझं दुकान आहे. दुसऱ्याच्या खुर्चीत पाय पसरून बसणं मला जमायचं नाही."

डॉक्टर म्हणाले, ठीक. पण घरातलं एक माणूस पक्कं लागेल. शिकलेलं, हाताचं स्वच्छ, चारही वेळा हजर. एकट्या पेशंटवर सुरुवातीला सोडत नाही.

अप्पांनी श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये. "सूनबाई करेल की. घरीच असते."

मी शेजारीच बसले होते, फायलींची पिशवी मांडीवर घेऊन. घरीच असते! कोणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. नवरा भिंतीवरचं किडनीचं चित्र बघत होता. जसं काही त्यात गळती कुठे आहे ते शोधायचं होतं त्याला.

८ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. "वहिनी, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त गं." तू निर्धास्त राहावंस म्हणून मी जन्माला आले नाही, असं म्हणायचं होतं. "हो," म्हणाले.

१० फेब्रुवारी

सर्जन बाई आहेत. वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं तुकड्यातुकड्यात. पूर्वी म्हणे सुईने वाट करून, आत न बघता नळी सरकवायचे. कुठे जाऊन बसली ते नंतर कळायचं. आता दुर्बिणीतून करतात. दोन-तीन बारीक भोकं, एकातून कॅमेरा, पोटात थोडी हवा भरून जागा करायची आणि डोळ्यांनी बघत नळीचं टोक खाली ओटीपोटात नेऊन ठेवायचं. अप्पांचं अपेंडिक्सचं जुनं ऑपरेशन आहे. त्या जागी आतडी पोटाला चिकटलेली असू शकतात.

"असली तर सोडवते," बाई म्हणाल्या. "फारच चिकटलेली निघाली तर नळी बसवणार नाही. मग सेंटर."

अप्पांनी मान हलवली. त्यांचा हात मात्र खुर्चीच्या कडेवरून चाचपत फिरत होता.

मग खूण. नळी पोटातून बाहेर कुठे येणार ते आधीच ठरवतात. पँटच्या कमरेच्या पट्टीत दबायला नको, पोटाच्या वळीत नको, पेशंटला स्वतःला वाकून दिसायला हवी. बसवलं, उभं केलं, वाकवलं. बाईंनी विचारलं, "पट्टा कुठे बांधता?"

अप्पा केवढे दुखावले! "पट्टा? मी शिंपी आहे, बाई. माझ्या पँटला पट्टा लागत नाही."

त्यांची पँट पार बेंबीच्या वर असते, जुन्या माणसांसारखी. बाईंनी कमर कुठे येते ते पँट घालूनच बघितलं, मग डावीकडे, बेंबीच्या खाली, शाईने एक ठिपका काढला. बेंबीपासून किती अंतर ते मोजून टिपलं. "ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा बघीन."

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "बाई मापं नीट घेते." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

१२ फेब्रुवारी

जेवताना सांगून टाकलं अप्पांना. किती दिवस गिळून बसायचं? डेपो, ११ मार्च, सगळं. नवऱ्याने घास तोंडातच ठेवला.

अप्पा म्हणाले, "मोठी गाडी? लांबची?"

"हो."

"मागचं कसं दिसतं तिच्यात?"

"आरशात."

"हं." मग म्हणाले, "आणि माझं पाणी कोण भरणार?"

नवऱ्याने ताटात मान घातली. मीच म्हणाले, "बघू." नवऱ्याचं हे 'बघू' मलाही लागलं की काय!

पंधरा मिनिटांत नणंदेचा फोन. ह्यानेच कळवलं असणार, बहिणीचा लाडका. "वहिनी, नोकऱ्या छप्पन्न मिळतील, बाप एकच असतो." अगं, पण तुझा ना? तू ये की! हे तिला म्हणाले नाही. इथे लिहितेय.

आणि वाईट ह्याचं वाटतं की अप्पा माणूस वाईट नाहीत. सासूबाई गेल्यावर घरात मी नवीन होते, भाताचा गोळा करून वाढायचे, तर मुकाट गिळायचे. त्यांना सेंटरवर पाठवायचं माझ्याही जिवावर येतं. पण ते चाक! मला ती गाडी हवी आहे. इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे? हवी आहे.

१५ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. पोट साफ व्हायचं औषध दिलंय. अप्पांची दिवसभर ये-जा चालू आहे. दुकानाला कुलूप.

१६ फेब्रुवारी

काय माणूस आहे हा! कपाळाला हात लावायची पाळी.

सकाळी गुलाबी साबणाने अंघोळ करायची होती, जंतू मारणारा साबण. अप्पा सगळं मन लावून करतात, तसं हेही केलं. पोट इतकं चोळलं की बाईंचा ठिपका फिका पडला. आता सांगायचं ना कोणाला? नाही! खिशात त्यांचा खडू, कापडावर खुणा करायचा, निळा. स्वतःच्या पोटावर स्वतःच नवी खूण केली! आणि ती तरी जुन्या जागेवर? तीही नाही. दोन बोटं खाली.

आम्ही बाहेर बसलो होतो. बाई टोपी घालून दारात आल्या. "हा निळा खडू कोणाचा?"

नवरा माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे. आतून ट्रॉलीवरून अप्पांचा आवाज, "माझा! दोन बोटं माया धरली, बाई. आत्ता वाळलोय मी. उद्या पोट सुटलं तर?"

शिंपी लोक शिवणीत कापड जास्तीचं ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. हा माणूस स्वतःच्या पोटाला माया धरून बसला! खाली धरल्यामुळे ठिपका नेमका पोटाच्या वळीत जात होता. तिथे घाम, तिथे घासणार, तिथे पिकणार.

बाईंनी खडू पुसला, अप्पांना उठवून बसवलं, आपलं टिपण काढलं, पुन्हा मोजलं, पुन्हा ठिपका. ह्या गडबडीत आमचा नंबर गेला, दुसरा पेशंट आत घेतला. उपाशी अप्पा ट्रॉलीवर चडफडत पडले. "एवढं काय? उसवून परत घ्यायचं!"

मी हसले ते हसलेच. दारावरच्या माणसाने गप्प बसायला सांगितलं. मग हसता हसता पदराने डोळे पुसायला लागले. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली, पण काही विचारलं नाही, ते बरं झालं.

दुपारनंतर बाई आल्या. बसली नळी! आतडं एका जागी चिकटलं होतं ते सोडवलं. पोटात चरबीचा एक पडदा असतो म्हणे, तो नळीला येऊन बिलगतो आणि तिची भोकं बुजवतो. तो वर उचलून टाक्याने अडकवून ठेवला. मग नळीतून पाणी सोडून बघितलं, गेलं तसं परत आलं. फोनवर चित्रंही दाखवली. आत सगळं गुलाबी, चकचकीत, आणि मधे ती पांढरी नळी. नवरा 'आलोच' म्हणून जो गेला तो खाली चहाच्या टपरीवर सापडला. पांढराफटक.

१७ फेब्रुवारी

अप्पांचा खांदा दुखतोय. "पोट कापलं आणि खांदा कसा दुखतो? चुकीच्या जागी तर कापलं नाही?" सिस्टरांनी समजावलं, पोटात भरलेल्या हवेचं दुखणं खांद्यात जातं, दोन दिवसांत जाईल.

पट्टी बदलताना वाकून वाकून टाके बघितले. "बरे आहेत. दोरा मऊ आहे." पडद्याचं सांगितलं तर म्हणाले, "वर टाचला? शहाणी आहे बाई."

१९ फेब्रुवारी

घरी. जड उचलायचं नाही, खोकताना उशी पोटाशी धरायची, नळी ओढली जाऊ द्यायची नाही, पट्टी ओली करायची नाही. आणि पोट रोज साफ झालं पाहिजे. आतडी भरलेली असली की नळी ढकलली जाते. म्हणजे आमच्या घरात आता सकाळी सकाळी चर्चेला विषय एकच.

जखम भरेपर्यंत दोन आठवडे नळी वापरायची नाही. मग सिस्टर घरी येऊन शिकवणार.

२३ फेब्रुवारी

डेपोत फोन केला. महिनाभर मुदत मिळेल का? "नाही." अर्धा महिना? "बाई, मागे रांग आहे." त्याच कोरड्या आवाजात.

संध्याकाळी अप्पांना म्हणाले, "मी नाही म्हणून कळवून टाकते डेपोला. उगाच अडकवून ठेवायची ती जागा." फार शांतपणे म्हणाले. स्वतःचंच मला कौतुक वाटलं.

अप्पा कापडाच्या घड्या घालत होते. म्हणाले, "कळवायची एवढी घाई काय? अकरा तारीख कुठे पळून जातेय?"

म्हणजे तोवर आशेवर राहायचं आणि मग तोंडघशी पडायचं? बोलायला काय जातं ह्यांचं!

२४ फेब्रुवारी

नाही कळवलं.

१ मार्च

आज हॉस्पिटलात नळी धुवायला नेलं. थोडं पाणी सोडतात, काढतात, वाट मोकळी आहे ना ते बघतात. पाणी आत गेलं सरळ. बाहेर येईना! थेंब थेंब. कूस बदलून बघितलं, उभं करून बघितलं. अप्पांच्या कपाळावर घाम. एक्स-रे काढला, तर टोक खालून सरकून वर, एका बाजूला.

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "पोट साफ होतंय ना रोज?"

"हो हो. एकदम."

"आजोबा, इथे दिसतंय सगळं."

अप्पा खाली बघायला लागले. चार दिवस गेलेच नव्हते! मी रोज विचारत होते आणि हा माणूस रोज 'हो हो' म्हणत होता. सुनेला काय सांगायचं म्हणून लाज! "तुमच्या लाजेपायी नळी वाया गेली असती ना!" मी तिथेच ओरडले. सगळा वॉर्ड बघत होता. बघू दे.

बाई म्हणाल्या, आधी औषध घेऊन पोट साफ करा, बहुतेक टोक आपोआप खाली येईल. नाही आलं तर पुन्हा दुर्बीण घालून खाली आणावं लागेल.

अप्पा येताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. घरी उतरताना म्हणाले, "पुन्हा खोटं नाही बोलणार." लहान पोरासारखे. मला कसंतरीच झालं. ओरडायला नको होतं इतकं. पण ओरडायला हवंच होतं.

२ मार्च

झालं! तीनदा झालं! अप्पांनी स्वतः येऊन वर्दी दिली, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना.

३ मार्च

पुन्हा नळी धुवायला नेलं. पाणी आलं. धो धो. टोक खाली गेलं असणार. सिस्टरांनी पिशवी वर करून दाखवली तर अप्पा हात जोडायला लागले.

४ मार्च

शिकवणी सुरू. सिस्टर घरी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, पण कामात कडक. मागच्या खोलीत कोपरा केलाय. खिडकी बंद, पंखा बंद, टेबल पुसून लख्ख, पिशवी अडकवायला खुंटी. नवऱ्याने खुंटी ठोकली, एका दिवसात! 'बघू' न म्हणता!

आधी हात. अंगठ्या, बांगड्या काढून कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. मास्क. मग औषधी पाण्याची पिशवी तपासायची, टोपण काढायचं, पोटातल्या नळीला जोडायचं, जोडाचं टोक कशालाही लागता कामा नये. लागलं की ती पिशवी बाद. जंतू आत गेले की पोट पिकतं, पाणी गढूळ येतं, माणूस दगावतोसुद्धा. आधी जुनं पाणी खाली काढायचं, मग नळीतली हवा काढायची, मग नवं भरायचं.

सिस्टरांनी रबराचं एक खोटं पोट आणलंय, त्याच्यावर मी तीनदा केलं. माझे हात शांत असतात. गाडी चालवून चालवून आले असतील तसे. सिस्टर म्हणाल्या, "छान." अप्पा कोपऱ्यात बसून बघत होते, घारीच्या डोळ्यांनी, जसं नव्या कारागिराकडे बघतात.

५ मार्च

आज पहिल्यांदा खऱ्या पोटावर. सगळं बरोबर केलं मी. सगळं! जोडायच्या क्षणाला अप्पा ओरडले, "थांब! लागलं ते!"

कुठे लागलं? हवेत होतं टोक! मी सिस्टरांकडे बघितलं. त्या खाली वाकून पट्टी बघत होत्या. "पेशंटला शंका असेल तर ती पिशवी नको," एवढंच म्हणाल्या. टाकली ती. दुसरी घेतली. पुन्हा तेच, "मास्क सरकला हिचा!" नव्हता सरकला!

अंगाचा तिळपापड झाला. रोजच्या वापरातला त्यांचा टॉवेल पिळून पिळून धुतला.

६ मार्च

लिहू का नको. लिहितेच.

आज सिस्टरांच्या समोर, नणंद फोनवर बघत असताना, अप्पा म्हणाले, "हिच्या हातून नको. हिच्या हाताला सफाई नाही. गाड्या हाकायचे हात हे, ह्यांना बारीक काम काय जमणार?"

मी म्हणाले, "अप्पा, काय चुकलं ते तरी सांगा."

"सगळंच. ही जोडायला लागली की माझा जीव वर येतो. मला भरवसा नाही."

भरवसा नाही! घर सांभाळलं, आजारपणं काढली, सासूबाईंच्या मागे ह्यांची पथ्यं केली, आणि भरवसा नाही! सिस्टरांनी कागदपत्रं आवरली. "पेशंटची तयारी नसेल तर मी ह्यांना पुढे शिकवू शकत नाही. दुसरं माणूस द्या मला."

फोनवर नणंद, "अप्पा, वहिनी नाही तर कोण करणार?"

"तुझा भाऊ. नाहीतर तू ये."

तिचं चित्र एकदम गोठलं. नेट गेलं म्हणे.

नवरा दारात उभा. पाचावर धारण बसलेली. "मी? अप्पा, मला रक्त बघवत नाही."

"रक्त कुठे आहे ह्यात? पाणी आहे. जन्मभर पाणीच जोडत आलास ना? मग माझं जोड."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. डेपोत जायला मोकळी झाले, हे डोक्यात आलं होतं. आनंद होईना. अपमान करून, लाथ मारून मोकळं केलेलं कोणाला हवंय?

७ मार्च

नवऱ्याचे हात सिस्टरांनी किती वेळ धुवून घेतले! नखांतलं काळं निघेना. ब्रश, पुन्हा ब्रश. दोन पिशव्या बाद केल्या पठ्ठ्याने. एकदा टोपण खाली पडलं, एकदा मास्कमध्येच शिंकला आणि घाबरून हात सोडला. अप्पांनी हूं की चूं केलं नाही! माझा न सरकलेला मास्क त्यांना सरकलेला दिसतो, आणि ह्याची शिंक दिसत नाही?

८ मार्च

नवऱ्याने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. मालकाशी स्वतः बोलला. सकाळची आणि संध्याकाळची पिशवी तो करणार, दुपारच्या मधल्या दोन वेळा अप्पा स्वतः. परीक्षेत पास झाले तर एकट्याने करू देऊ, असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून अप्पांना सिस्टर वेगळं शिकवतायत. अप्पा भराभर शिकले. सुई-दोऱ्याचा हात आहे, त्यात नवल नाही.

आणि नवरा! नळीतली हवा काढायचं सिस्टर समजावत होत्या, तर हा म्हणाला, "हां, हवा अडकली की पाणी पुढे जात नाही. पाइपातही असंच." मग काय, स्वारी सुटलीच. पिशवी किती उंच टांगली की किती जोराने येईल, हे तोच सिस्टरांना सांगायला लागला. "ठीक आहे, ठीक आहे, हात वर ठेवा," सिस्टर.

मी लांबून बघितलं. मला कोणी बोलावलं नव्हतं.

९ मार्च

अप्पांशी बोलत नाही. ते विचारतात, मी 'हो-नाही' करते. गणवेशाची पँट डेपोतून आली ती कमरेत ढगळ. त्यांनी हात पुढे केला, "आण, घट्ट करून देतो." मी दिली नाही. पिन लावीन.

१० मार्च

सिस्टरांनी बापलेकांची शेवटची परीक्षा घेतली. दोघं पास. पाणी स्वच्छ, टोक जागेवर, जखम कोरडी. अप्पांचा चेहरा किती दिवसांनी तरतरीत वाटला, सूजही उतरलीय. नवरा मास्क लावूनच मला मिठी मारायला आला. मी मागे झाले आणि मग पुढे झाले. त्याच्यावर कशाला राग? त्याचा काय दोष?

सकाळी पँट नीट करून, इस्त्री करून खुर्चीवर होती. मी उचलली, पण काही बोलले नाही. बोलणारही नाही. भरवसा नाही म्हणे!

११ मार्च

गाडी मिळाली. लांबची. आरसे लावून घेतले, बाजूला वस्ताद बसला होता, दोन फेऱ्या मारल्या, कुठे घासली नाही. जेवणाच्या सुट्टीत डेपोच्या बाकावर बसून लिहितेय.

घरची दुपारची पिशवी झाली का विचारायला सिस्टरांना फोन लावला; पहिला दिवस म्हणून त्या घरी बघायला जाणार होत्या, आणि अप्पांना मला लावायचा नव्हता. झाली, पाणी स्वच्छ आलं. मग म्हणाल्या, "हजर झालात ना कामावर? नक्की? सही केलीत? मग आता सांगते. तुमच्या सासऱ्यांनी मला शप्पथ घातली होती." पहिल्याच दिवशी, रबरी पोटावरचं झाल्यावर मी हात धुवायला आत गेले, तेव्हा अप्पा त्यांना म्हणाले होते, "सिस्टर, हिला पास करू नका. हात फार चांगले आहेत तिचे, म्हणूनच सांगतो. एकदा जमलं की ती मला सोडून जायची नाही, आणि घरातलं कोणी तिला सोडायचंही नाही."

आणि मी आज निघताना त्यांच्यापुढे चहा आदळून आले!